फडकं

संध्याकाळी दुकान बंद करताना
टेबल पुसते, काच पुसते, यल्लम्माचा फोटो पुसते,
आणि फडकं बादलीत बुडवते.
बावीस वर्षं पाणी काळंच झालं.
तव्याच्या बुडाचं काळं वेगळं,
त्याला भाकरीचा वास तरी असतो.

चिंचेच्या नाक्यावर माझं इस्त्रीचं दुकान.
एक रस्ता खानापूरला, एक शहापूरला,
एक दवाखान्याकडं,
आणि चौथा नुसताच चिंचोळा, बोळासारखा.
सिग्नल होता, पण खुळा.
रात्री दोनला, कुत्रं नसलेल्या रस्त्यालासुद्धा
एकशेवीस आकडे मोजून दाखवायचा.
शाळा सुटताना उसाची ट्रॉली, गोव्याचा ट्रक,
आत कुणीतरी कण्हत असलेली ॲम्ब्युलन्स,
सगळ्यांना एकाच मापानं उभं करायचा.
इंजिनं घुरघुरत.

धूर वर जातो म्हणतात.
नाक्यावर उभं राहून बघा, तो आडवा येतो.
माझ्या दोरीपर्यंत येतो,
कॉन्व्हेंटच्या पोरींच्या पांढऱ्या कॉलरवर बसतो.
मग त्यांच्या आया विचारतात,
"यल्लूमावशी, हात धुतला न्हाईस काय?"

दिवाळी झाल्यावर हुबळीचा एक पोरगा आला, ईरण्णा.
शिडी लावून खांबावर एक डोळा बसवला.
"हा काय बघणार?"
"रांग बघतो, अक्का. लांब रांगेला जास्त हिरवा,
मोकळ्या रस्त्याला कमी."
"एवढंच?"
"एवढंच."
"आणि हे सुचायला इतकी वर्षं?"
तो शिडीवरनंच हसला. "स्वल्प ताळ्री," म्हणाला.
मी म्हटलं, बाबा, पंगतीत वाढणारी कुठलीही बाई
घड्याळ बघून वाढत नाही,
पान बघून वाढते.

या गावात रंगांवरनं भांडणं झालीत,
पाट्यांवरच्या अक्षरांवरनं तर किती.
खांबावरच्या तीन रंगांना मात्र
दोन्हीकडचे लोक मान देतात.
अजून तरी.

महिनाभरानं एका दुपारी
कापडावर पाणी शिंपडलं, इस्त्री टेकवली,
आणि चुर्र ऐकू आलं.
हात तसाच थांबला.
स्वतःच्या कामाचा आवाज
मी लग्नाआधी ऐकला होता, आईच्या दुकानात.
चिंचेची पानं हिरवी असतात
हे ठाऊक होतं, तेवढंच.
बादलीतलं पाणी
ताकासारखं झालं असं मी म्हणणार नाही.
दूध कमी पडलेल्या चहासारखं म्हणा.
पालिकेच्या पाटीवर रोज कसलेसे आकडे पळतात,
ते मला लागत नाहीत.
माझं यंत्र हे फडकं.

दस्तगीर शेंगा विकायचा, गरम, कागदाच्या पुडीत.
एकशेवीस आकड्यांत सहा गाड्या धरायचा.
आता पस्तीसला सगळे पसार,
पुडी पुढं, पैसे मागं, अर्धे तसेच बुडाले.
"मावशी, तुम्हाला धूर, मला गिऱ्हाईक,
दोघं एकाच गाडीनं यायचे."
मी काय बोलणार.
टोपली उचलून तो रेल्वे गेटाला गेला.
जाताना खांबाकडं बघून म्हणाला,
"तिथं तरी लावू नकोस रे डोळा."

आणि माझी इस्त्री कोळशाची.
आईची, पितळेची, साडेपाच किलो.
तोंड उघडलं की निखारा, फुंकलं की धूर,
रोज दोन पाट्या.
खांबावरचा डोळा रिक्षा मोजतो, बस मोजतो,
सायकलसुद्धा मोजतो म्हणे.
मला मोजत नाही.

आज फडकं पिळलं, उजेडाला धरलं.
रस्त्याकडची काच पुसलेलं टोक जवळजवळ स्वच्छ.
काळं होतं ते दुसऱ्या टोकाला,
आतल्या बाजूचं.
बराच वेळ धरून उभी राहिले.

मग शेगडी विझवली, फळी ओढली.
बोळाला हिरवा पडला होता.
बोळात कुणी नव्हतं.
डोळ्यानं बघितलं,
आणि लगेच मिटला हिरवा.